एका थरातली अतिवाहकता

वर्ध्याच्या पॉवरग्रिड उपकेंद्रात ७६५ किलोव्होल्टच्या लाइनी येतात. व्होल्टेज एवढे चढवण्याचे कारण साधे. तेवढीच वीज दुप्पट व्होल्टेजने नेली की प्रवाह निम्मा लागतो आणि तार तापून वाया जाणारी वीज चौथाईवर येते. शून्यावर मात्र येत नाही. ती किमया अतिवाहकाची.

अतिवाहकात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि सगळ्या एका लयीत चालतात. पदार्थ जाड असेल तर ही लय सहजी मोडत नाही. थर दोन-चार अणूंइतका पातळ झाला की पंचाईत होते. उष्णतेने त्यात प्रवाहाचे बारीक भोवरे उठतात, काही उजवे, काही डावे. पुरेशा थंडीत उजवा डाव्याला धरून असतो, तोवर काही बिघडत नाही. तापमान थोडे वाढले की ते सुटे होतात, वीज सोडल्यावर आडवे सरकतात आणि या सरकण्यातूनच रोध परत येतो. जोड्या शाबूत असल्या तरीही! भोवऱ्यांचे हे गणित मांडणाऱ्या कॉस्टरलिट्झ आणि थाउलेस यांना २०१६ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

पातळपणात बहुधा तोटाच. नायोबियम डायसेलेनाइडचा खडा सुमारे ७ केल्व्हिनला अतिवाहक होतो, त्याचा एकेरी थर ३ च्या आसपास. ‘बिस्को’ला हा नियम फारसा लागत नाही. बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम आणि तांबे यांचे हे ऑक्साइड खारीसारखे पापुद्र्यांचे असते. चिकटपट्टीने सोलता येते. त्याचा एकच थरही जवळजवळ अख्ख्या खड्याइतक्याच तापमानाला अतिवाहक होतो, हे २०१९ मध्ये दिसले.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने बिस्कोचे दोन पातळ तुकडे एकमेकांवर कोनात फिरवून ठेवले. अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र लावले की या सांध्यातून एका दिशेने जास्त प्रवाह विनारोध जातो, उलट दिशेने कमी. म्हणजे हा अतिवाहक डायोडच. हा कोन ४५ अंशांचा असताना हा फरक सर्वांत मोठा येतो. २०२४ साली हे काम प्रसिद्ध झाले. आधीचे असे डायोड ४ केल्व्हिनच्या आसपास चालत, त्यांना महागडे द्रव हेलियम लागते. हा ७७ केल्व्हिनपर्यंत चालतो. तिथे द्रव नायट्रोजन पुरतो, आणि तो तर गवळाऊ गाईंच्या कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रा ठेवायला जनावरांच्या दवाखान्यातही असतो.

बिस्कोच्या कुळातल्या जाड फितींपासून वीजकेबली बनल्या आहेत. पापुद्र्यातून तशी केबल निघेल असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. त्याचा उपयोग क्वांटम संगणकासारख्या यंत्रांच्या बारीक सर्किटांत होऊ शकतो.