दुकानाची घाई आणि मूत्रमार्गाचा संसर्ग

नाशिकच्या मेन रोड, सराफ बाजार, रविवार कारंजा या परिसरात दिवाळीच्या दिवसांत किंवा लग्नसराईत दुकानाच्या पायरीवरही उभे राहण्यास जागा नसते. गल्ल्यावर बसलेले शेठ असोत, माल दाखवणारी घरची सून असो वा काउंटरवरील मुलगी, कोणालाच उठण्याची सवड नसते. जुन्या पेठांतील अनेक दुकाने अरुंद. त्यांत स्वच्छतागृहाची सोय नाही. मग स्त्रिया सोपा वाटणारा उपाय योजतात : पाणीच कमी प्यायचे. सीझन निभावतो, पुढे मात्र लघवीला जळजळ, वारंवार जावेसे वाटणे, ओटीपोटात दुखणे आणि प्रसंगी थंडी-ताप सुरू होतो.

‘ताणामुळे झाले’ असे घरात सहज म्हटले जाते. त्यात अर्धे सत्य आहे. हा संसर्ग जंतूंमुळे होतो; बहुतेक वेळा आतड्यातील ई. कोलाय हा जीवाणू त्यास कारणीभूत असतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटीमीटर, तर पुरुषांचा सुमारे २० सेंटीमीटर लांब असतो. म्हणून स्त्रियांना हा त्रास अधिक. ताण जंतू निर्माण करीत नाही, पण त्यांची वाट सुकर करतो. चिंता दीर्घकाळ टिकली की कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि प्रतिकारशक्ती मंदावू शकते. झोप घटते, मधुमेहींची साखर चढते. शिवाय कामाच्या ओघात तहान आणि लघवीची जाणीव दोन्ही दडपल्या जातात. मूत्राबरोबर जंतू वाहून जाणे हे शरीराचे नैसर्गिक संरक्षण. तेच दुबळे होते.

पाण्याचे महत्त्व संशोधनानेही दाखविले आहे. कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रियांवरील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज दीड लिटर पाणी अधिक पिणाऱ्या गटात वर्षभरात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला. दुसऱ्या गटात ३.२ वेळा.

चौविहार पाळणाऱ्या घरांत सूर्यास्तानंतर पाणी वर्ज्य असते. म्हणून सायंकाळी एकदम पाणी पिण्याऐवजी सकाळपासून थोडे थोडे घ्यावे. उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली गल्ल्याशेजारीच ठेवावी. वारंवार संसर्ग होणाऱ्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

केवळ ताणामुळेही वारंवार लघवीला जावेसे वाटू शकते. म्हणून लघवीची तपासणी आवश्यक. मेडिकलमधून परस्पर प्रतिजैविके आणू नयेत आणि दिलेला कोर्स अर्धवट सोडू नये. ताप, पाठीत वा कुशीत वेदना, लघवीत रक्त, गर्भावस्था, मधुमेह किंवा प्रोस्टेटचा त्रास असल्यास विलंब नको.

हा प्रश्न केवळ आरोग्याचा नाही. मुंबईत महिला संघटनांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम २०११ मध्ये सुरू केली. केरळने २०१८ मध्ये कायदा दुरुस्त करून दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याचा हक्क दिला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृहाच्या तरतुदी आहेत. जागा नसेल तेथे शेजारच्या चार दुकानदारांनी मिळून सोय करता येते. कर्मचारी मुलीला ‘जाऊन ये’ असे म्हणायला तर काहीच खर्च येत नाही. तिला ते मागावे लागू नये, एवढी काळजी गल्ल्यावर बसणाऱ्याने घ्यावी.