चौकटीबाहेरचा बाप

राजा रविवर्म्यांचे नाव निघाले की महाराष्ट्राला देवादिकांची चित्रे आणि मळवलीचा छापखाना आठवतो. १८९३ साली त्यांनी रंगविलेले एक घरगुती चित्र मात्र इकडे फारसे चर्चिले गेले नाही. केरळी वेषातील एक तरुण माता मूल कडेवर घेऊन उभी आहे, पायाशी कुत्रा आहे, आणि ती बोटाने चौकटीबाहेरचे कोणीतरी दाखवीत आहे. चित्राचे इंग्रजी नाव 'देअर कम्स पापा', म्हणजे 'ते पाहा, बाबा आले'. ही माता म्हणजे चित्रकाराची कन्या महाप्रभा आणि कडेवरचा त्याचा नातू.

वरवर पाहता प्रसंग कोणत्याही घरातला. परंतु हे कुटुंब मातृवंशीय होते, हे ध्यानात घेतले की त्याचा अर्थ पालटतो. त्रावणकोरातील मरुमक्कत्तायम पद्धतीत मूल आईच्या घराण्याचे. बापाचा वारसा त्याच्या बहिणीच्या मुलांकडे जाई आणि घरचा कर्ता असे मामा. अशा घरात बापाची वाट पाहणारे चित्र हे वस्तुस्थितीपेक्षा इच्छेचेच चित्र म्हणावे लागेल. बाप दिसत नाही, तरी सारी रचना त्याच्यासाठी आहे. मामाला मात्र तीत जागाच नाही.

खरी गोम इथेच आहे. रविवर्म्यांच्या हाती कुंचला दिला तो मामानेच. किळिमानूरच्या वाड्यात भिंतींवर चित्रे काढणाऱ्या भाच्याला राजराज वर्म्यांनी जवळ घेतले, शिकविले. मायेचा जो वारसा स्वतःला लाभला, तोच चित्रकाराने इथे वगळला. याला कृतघ्नपणा म्हणणे अन्यायाचे होईल. वारेच तसे वाहत होते. शेजारच्या ब्रिटिश मलबारात १८९६ साली मातृवंशीयांच्या 'संबंधां'ची विवाह म्हणून नोंद करण्याची मुभा देणारा कायदा झाला.

चित्रानंतर दोन वर्षांनी महाप्रभेला कन्या झाली, सेतु लक्ष्मीबाई. १९०० साली ती त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेली. राजवंश चालवावयास तेथे मुलीच लागत! पुढे ती राजप्रतिनिधी झाली आणि तिच्याच कारकिर्दीत १९२५ चा नायर कायदा आला. एकत्र घराण्यातील व्यक्तीला आपली वाटणी मागता येऊ लागली, बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर बायकोमुलांचा हक्क दृढ झाला. आजोबांच्या रंगांतली इच्छा नातीच्या राजवटीत कायदा झाली.

त्या वाटण्यांत कितीतरी जुने वाडे मोडले. पती गेला किंवा संबंध तुटला तरी स्त्रीला जन्मभर हक्काचे छप्पर देणारी व्यवस्थाही त्यांच्याबरोबर खिळखिळी झाली. बाबा आले खरे. पण ज्या घरात ती तरुणी त्यांची वाट पाहत होती, ते घर तिला आईकडून आलेले होते.