बकऱ्याचा धंदा पिढीजात, मग पशुविज्ञानाची तालीम का नको?

चाकणच्या किंवा लोणंदच्या बाजारात आपला व्यापारी बकऱ्याचे तोंड उघडतो, पुढचे दात पाहतो आणि लगेच सांगतो : दोन दाती, सव्वा-दीड वर्षाचा. मग कमरेवर हात ठेवून, कणा चाचपून वजनाचा अंदाज बांधतो. जाणत्याचा हा अंदाज फारसा चुकत नाही. हा हुनर कोणत्याही कॉलेजात शिकलेला नसतो, वडिलांच्या मागे बाजार करता करता हातात उतरलेला असतो. पण हाच माणूस बँकेत शेळीपालनाचे कर्ज मागायला गेला की समोरून विचारणा होते, "प्रशिक्षणाचा दाखला आहे का?" तिथे तीन पिढ्यांचा धंदा गप्प बसतो.

हा प्रश्न नुसता मानापमानाचा नाही, पैशाचा आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानाची २०२१ साली फेररचना झाली. त्यात १०० शेळ्या व ५ बोकड यांच्या प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या निम्मे, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठरले. ५०० शेळ्या व २५ बोकडांसाठी हीच मर्यादा ५० लाखांची आहे. अर्जदाराने प्रशिक्षण घेतलेले असावे, किंवा प्रशिक्षित माणूस त्याच्याकडे असावा, किंवा पुरेसा अनुभव असावा, अशी अट आहे. अनुभव आपल्याकडे भरपूर आहे. तो कागदावर मात्र नाही, कारण आपण पावत्याच ठेवत नाही.

म्हणूनच पशुविज्ञानाच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाकडे बकरा, दूध, कोंबडी आणि कातडे यांच्या धंद्यातल्या घरांनी नव्याने पाहायला हवे. दहावी झालेल्या मुलाला "शेवटी दुकानावरच बसायचे आहे, पुढे शिकून काय करणार?" असे सांगून गल्ल्यावर बसवणारी घरे आजही पुष्कळ आहेत. ज्या मुलाला दुकानावर बसायचे आहे त्यालाच ही तालीम सर्वांत जास्त उपयोगी पडते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

महाराष्ट्रात या विषयाचे घर म्हणजे नागपूरचे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ. ते २००० साली सुरू झाले. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १८८६ पासूनचे आहे, तेही आता याच विद्यापीठात येते. दहावीच्या गुणांवर मिळणारी पशुधन व्यवस्थापन व दुग्धोत्पादनाची पदविका हा आजवरचा मुख्य व्यावसायिक मार्ग राहिला आहे. तिचा कालावधी आणि प्रवेशाची अट त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहावी, कोणाच्या तोंडी माहितीवर जाऊ नये. याशिवाय काही कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावी-बारावीला पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय हा २०० गुणांचा द्विलक्षी विषय घेता येतो. तो घेताना दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय सुटतो. इथे एक सावधगिरी : सुटणारा विषय जीवशास्त्र असता कामा नये. पुढे साडेपाच वर्षांच्या पशुवैद्यक पदवीला जायचे मनात आले, तर 'नीट' परीक्षा द्यावी लागते आणि तिथे जीवशास्त्रावाचून दार उघडत नाही.

आता या अभ्यासक्रमात असे काय शिकवतात, जे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक नाही? एक उदाहरण घेऊ. बकरी ईदच्या आधी महिनाभर माल उचलायचा आणि चरण्याची सवय असलेल्या बकऱ्याला एकदम मका-गव्हाचा भरपूर खुराक सुरू करायचा, ही आपल्याकडची रीत. आठवड्याच्या आत दोन-चार बकरे खाणे सोडतात, पातळ हगतात, बसून राहतात आणि मरतात. व्यापारी म्हणतो, गाडीचा शीण लागला. खरे कारण पोटात असते. शेळीच्या पोटाचा सर्वांत मोठा कप्पा, ज्याला कोठीपोट म्हणतात, त्यात चारा पचवणारे सूक्ष्म जंतू राहतात. अचानक जास्त धान्य गेले की त्या जंतूंची घडी मोडते, आम्ल वाढते आणि ते रक्तात उतरते. धान्य मूठमूठ वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण खुराकावर आणले तर हे नुकसान बहुतांशी टळते. सोबत कोरडा चारा चालू ठेवायचा. एवढी एक गोष्ट नीट समजली तरी एका हंगामात फी वसूल होते.

दुसरा आजार आंत्रविषार. पहिल्या पावसानंतर कोवळे गवत खाऊन कळपातला सर्वांत तगडा बकरा रात्रीतून मरून पडतो. तगडाच का मेला याचे उत्तर न सापडल्याने घरात "नजर लागली" म्हणतात. उत्तर असे की भरपूर खाणाऱ्याच्याच आतड्यात हा जंतू जोराने वाढतो आणि विष सोडतो. त्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचायची असते. पीपीआरचे तसेच. वेगवेगळ्या बाजारांतला माल एका गाडीत कोंबून आणला की नाक वाहणे, तोंडात फोड, हगवण, न्यूमोनिया असा क्रम लागतो. लसीचा एक डोस साधारण तीन वर्षे पुरतो. पण लस टोचली आणि लगेच संरक्षण मिळाले असे होत नाही, म्हणून नवा माल दोन-तीन आठवडे जुन्या मालापासून वेगळा बांधायचा. जागा नाही ही अडचण खरी आहे, तरी एका कोपऱ्यात आडोसा करणे अख्खा गोठा गमावण्यापेक्षा स्वस्त पडते.

माणसांच्या तब्येतीची गोष्टही इथेच सांगितली पाहिजे. शेळी गाभडली की वार आणि मेलेले करडू उघड्या हातांनी उचलण्याची सवय घरोघर आहे. त्यातून ब्रुसेला हा जंतू माणसाला लागू शकतो. पुन्हा पुन्हा येणारा ताप, घाम, सांधेदुखी, आणि मलेरिया-टायफॉइडची औषधे घेऊन भागत नाही. कत्तलखान्यात आणि गोठ्यात काम करणाऱ्यांना हा धोका अधिक. हातमोजे, आणि डॉक्टरला "आम्ही जनावरांत काम करतो" हे आपणहून सांगणे, एवढे तरी करावे.

वजनाचा हिशेबही शिकण्यासारखा आहे. छातीचा घेर इंचात मोजून त्याचा वर्ग करायचा, त्याला शरीराच्या लांबीच्या इंचांनी गुणायचे आणि ६६० ने भागायचे. किलोमध्ये अंदाज मिळतो. घेर २८ आणि लांबी २६ इंच असेल तर सुमारे ३१ किलो. त्यातले मटण साधारण ४५ ते ५० टक्के धरावे. हाताचा अंदाज याहून सरस असेलही, पण गिऱ्हाइकासमोर आणि विम्याच्या माणसासमोर टेपचा आकडा चालतो, हाताचा नाही. तबेलेवाल्यांसाठी दुधातील फॅट काढण्याची गर्बर पद्धत, कृत्रिम रेतन, नोंदवह्या हेही त्यातच येते. कातड्याच्या कारागिरांना मालावर डाग का पडतात हे कळते : गोचिडांनी आणि देवीच्या फोडांनी जनावर जिवंत असतानाच कातडे खराब केलेले असते, पुढे कितीही चांगले कमावले तरी ते डाग जात नाहीत.

पदविका घेऊन मुलगा डॉक्टर होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचा आहे. पदविकाधारकाला लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशा किरकोळ सेवा, तेही राज्य सरकारच्या आदेशानुसार आणि नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली देता येतात. पाटी लावून इंजेक्शने देत फिरणे हा गुन्हा ठरू शकतो. शिवाय प्रतिजैविक टोचलेले जनावर ठरावीक दिवस थांबल्याशिवाय कापायचे नसते, दूधही विकायचे नसते. सहा महिन्यांत "पशुवैद्यकीय डिप्लोमा" देतो म्हणणाऱ्या खासगी संस्था गावोगाव निघतात. विद्यापीठाची किंवा सरकारची मान्यता नसेल तर त्या कागदाची किंमत शून्य. फी भरण्यापूर्वी मान्यतेचे पत्र पाहायला मागावे, आणि ते दाखवायला कोणी टाळाटाळ केली तर तिथूनच परतावे.

खऱ्या पदविकेवर पशुधन पर्यवेक्षकाच्या सरकारी जागांसाठी अर्ज करता येतो. हॅचरी, खाद्य कारखाने, दूध संघ इथेही माणसे लागतात. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, तेव्हापासून शेडची स्वच्छता, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नियंत्रण या गोष्टी जाणणाऱ्याला कोंबडीच्या धंद्यात किंमत आली.

प्रत्येकाने पदविकाच करावी असे माझे म्हणणे नाही. पस्तिशीतल्या माणसाला चालता धंदा सोडून कॉलेजात बसता येत नाही. त्याच्यासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचे चार-पाच दिवसांचे शेळीपालन प्रशिक्षण पुरे. शेळ्यांचाच सखोल अभ्यास करायचा असेल तर मथुरेजवळ मखदूम येथे केंद्रीय शेळी संशोधन संस्था आहे, आणि आपल्याकडे फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था. मात्र घरातल्या एकाने तरी पूर्ण अभ्यासक्रम करावा. तो एक मुलगाच असला पाहिजे असेही नाही. दारातल्या शेळ्यांचे दाणापाणी, विणे, करडांना दूध पाजणे हे बहुतेक घरांत बायकाच करतात. त्या कामाची समज असलेल्या मुलीला हा विषय मुलापेक्षा लवकर कळेल.

उर्दू माध्यमातून आलेल्यांना सुरुवातीला आंत्रविषार, कोठीपोट, रवंथ असे शब्द अडतात. एक वही करून शब्द लिहून काढले की महिन्याभरात सवय होते. फीची अडचण असल्यास मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. ज्यांची जमात ओबीसी यादीत आहे त्यांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवावे, त्याला वेळ लागतो. आणि शाळेच्या दाखल्यावर 'शेख' नावाच्या आधी आहे की नंतर, आधार कार्डावर कसे आहे, वडिलांचे नाव दोन्हीकडे एकाच पद्धतीने लिहिले आहे का, हे मे महिन्यातच तपासून घ्यावे. एका अक्षराच्या फरकावरून अर्ज परत येतो आणि तोवर जागा भरलेल्या असतात.