किलोभर लाकडाचा हिशेब

गेल्या दिवाळीत आमच्या वाशीमच्या घराच्या अंगणात दोन मुले एका बॅटीवरून हुज्जत घालीत होती. एक माझ्या पुतण्याचा मुलगा. मालेगाव तालुक्यातल्या (हे आपले वऱ्हाडातले मालेगाव, नाशिककडचे नव्हे) आमच्या मूळ गावाहून तो शिकायला वाशीमला आला आहे, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. दुसरा माझ्या भाचीचा मुलगा. जन्म न्यू जर्सीचा, तिकडच्याच एका छोट्या कॉलेजात शिकतो आणि कॉलेजच्या संघात बेसबॉल खेळतो. नात्याने दोघेही माझे नातू. गावाकडचा मला आबा म्हणतो, अमेरिकेतला आजोबा.

अमेरिकेतल्याने गावाकडच्याची बॅट उचलली, खांद्याच्या वर उभी धरली आणि हवेत आडवी फिरवली. मग ती उलटी करून पाठीकडून पाहू लागला. पाठीमागे मधोमध लाकूड कोरून काढलेले, पन्हळीसारखा खोलगट भाग. याला आमच्याकडची मुले ‘स्कूप’ म्हणतात. “एवढं लाकूड काढून का टाकलं?” त्याने विचारले. गावाकडचा म्हणाला, “वजन कमी व्हाव म्हनून. आन् कडा जाड राहाव्या म्हनून. टेनिस बॉलले असंच लागते.” मग अमेरिकेतल्याने मोबाइलवर स्वतःच्या बॅटीचे छायाचित्र दाखवले. ती चकचकीत, काळी-लाल आणि चक्क धातूची होती. गावाकडच्याने एकदा छायाचित्राकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. “आबा, हे त पाइप हाय!”

मी पडवीत पेपर वाचत बसलो होतो. चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला, कोणी काय विकत घेतले हे कळले की ते का घेतले, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. पेपर बाजूला ठेवला.

अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च सामन्यांत बॅट लाकडाचीच लागते. कॉलेजची मुले मात्र धातूची वापरतात. १९७४ साली तिथल्या कॉलेज क्रीडासंघटनेने ॲल्युमिनियमच्या बॅटीला परवानगी दिली, तिचे मूळ कारण पैशाचे होते. बेसबॉलची लाकडी बॅट मुठीकडे बारीक असते आणि तिथे चेंडू लागला की काडकन मोडते. मोसमात कितीतरी बॅटी मोडायच्या आणि बिल कॉलेज भरायचे. धातूची बॅट तशी मोडत नाही. आणली ती बचतीसाठी, पण तिच्या अंगी दुसराच गुण निघाला. लाकडावर चेंडू आदळला की चेंडूच दबतो आणि त्या दबण्यात त्याचा बराच जोर वाया जातो. धातूची पोकळ भिंत स्वतःच किंचित आत जाते आणि लगेच उसळून चेंडूला परत फेकते, स्प्रिंगच्या पलंगावर उडी मारल्यासारखे. धावांचा नुसता पूर आला. १९९८ साली तिथल्या कॉलेज स्पर्धेचा अंतिम सामना २१-१४ असा सुटला. जेमतेम साठ फुटांवर उभ्या असलेल्या चेंडूफेक्याच्या अंगावर चेंडू किती वेगाने परत येतो, याची लोकांना धास्ती वाटू लागली. मग नियम आवळत गेले, आणि २०११पासून तर असे माप लावले की धातूच्या बॅटीची उसळी लाकडाच्या जवळपासच राहावी. म्हणजे लाकूड सोडून धातू आणला आणि मग धातूला लाकडासारखे वागायला शिकवले. सरकारी योजनांत असे मी पुष्कळ पाहिले आहे.

“मग आता निवडायला उरतं काय?” मी विचारले.

पुष्कळ उरते, असे तो म्हणाला. त्याची बॅट तेहतीस इंचांची आणि तीस औंसांची, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण साडेआठशे ग्रॅम. इंचाचा आकडा आणि औंसाचा आकडा यांत तीनपेक्षा जास्त फरक चालत नाही, त्यामुळे लांब हवी तर जड घ्यावीच लागते. काहींचे वजन टोकाकडे साचलेले असते; दांडगे फटकेबाज ती घेतात. नेमका टोला मारणारे वजन सारखे वाटलेली घेतात, कारण ती हातात लवकर वळते. काही बॅटी एकसंध धातूच्या, काहींची मूठ आणि पुढचा भाग वेगवेगळा करून जोडलेला. जोडलेल्या बॅटीत चुकीच्या जागी चेंडू लागला तरी हाताला झिणझिण्या कमी येतात; थंडीत खेळणाऱ्याला त्याची किंमत कळते. मोठ्या कॉलेजांना कंपन्याच बॅटी पुरवतात, तेव्हा तिथे निवड आधीच झालेली असते. याचे कॉलेज छोटे, म्हणून याने स्वतःच्या पैशाने घेतली. तीनशे डॉलरच्या वर. शिवाय याची एक लाकडी बॅटही आहे. उन्हाळ्याच्या सुटीत तिकडे काही ठिकाणी मुलांचे लाकडी बॅटीचे सामने होतात. केप कॉडची स्पर्धा त्यांत नावाजलेली. तिने १९८५ साली धातू सोडून पुन्हा लाकूड घेतले. व्यावसायिक संघांची माणसे तिथे मुलगा लाकडाने कसा खेळतो ते पाहायला येतात.

गावाकडचा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, “म्हंजे याईचंबी तसंच हाय. रोजचं येक, आन् परीक्षेचं येक.”

हे वाक्य माझ्या मनात राहिले. त्याचे कारण सांगतो.

मी कॉलेजात असताना वाशीम अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ला. अमरावती विद्यापीठही नव्हते, आम्ही नागपूरच्या छत्राखाली. आमच्या संघाच्या पेटीत दोन बॅटी होत्या. एक म्हातारी, कडेला दोरा गुंडाळलेली. दुसरी नवी, आणि अकरा जण तिच्यावर टपलेले. आमच्यात बॅट निवडण्याचा प्रश्नच नव्हता. बाद झालेला खेळाडू परत येताना अर्ध्या वाटेत पुढच्याच्या हातात बॅट द्यायचा आणि पॅड सोडवत झाडाखाली जायचा. १९७९च्या डिसेंबरात डेनिस लिली पर्थच्या कसोटीत ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला. चेंडू खराब होतो म्हणून इंग्लंडचा कर्णधार ब्रिअर्लीने तक्रार केली, पंचांनी बदलायला लावली आणि लिलीने ती चिडून भिरकावली. ही बातमी आमच्याकडे पोचली तेव्हा आमच्यातल्या एकाने भांडे बाजारात जाऊन ॲल्युमिनियमचा किलोचा भाव विचारला होता. पुढे बॅटीचे पाते लाकडाचेच असावे असा नियमच झाला आणि आमचा तो उद्योग बारगळला.

त्या नव्या बॅटीची देखभाल माझ्याकडे होती. विलोचे लाकूड हलके, तंतुमय आणि मऊ. कारखान्यात ते दाबून घट्ट करतात, तरी नवी बॅट तशीच मैदानात नेली तर चिरते. तिला आधी जवसाचे कच्चे तेल अगदी पातळ बोटाने लावायचे, आडवी ठेवून मुरू द्यायचे, आणि मग मोगरीने किंवा जुन्या चेंडूने तासन् तास ठोकत राहायचे, कडांकडे थोडे जास्त. हे सारे मला नंतर कळले. तेव्हा एवढेच ऐकले होते की बॅटीला जवसाचे तेल लागते. विलायतेत त्यासाठी तेलाच्या बाटल्या विकतात म्हणे. आमच्या घरी जवसाची चटणी रोजच्या ताटात होती आणि घाणीवरचे तेल डब्यात. मी विचार केला, हात का आखडता घ्या? रात्री डब्यात चार बोटे तेल ओतले आणि बॅट त्यात उभी करून ठेवली.

सकाळी ती उचलली तेव्हाच पोटात गोळा आला. लाकूड टोकाच्या बाजूने तेल दिव्याच्या वातीसारखे ओढून घेते. बॅट फुगली होती, जड झाली होती, आणि चेंडू लागल्यावर ‘टक्’ वाजायचे ते ‘भद्द’ वाजू लागले. आमचा कर्णधार शेतमजुराचा मुलगा होता. आमच्यात विद्यापीठाच्या संघात जाण्याच्या लायकीचा कोणी असेल तर तोच. तो मला काहीही बोलला नाही. पुढच्या सामन्यात त्याने म्हातारी बॅट उचलली आणि सात धावांवर झेल देऊन परत आला. मी दरमहा पाच रुपये भरून नव्या बॅटीचे पैसे फेडले. आयुष्यभर लोकांना कर्जे दिली, पण माझे स्वतःचे पहिले कर्ज ते. कर्णधार मात्र पुढच्या वर्षी कॉलेज सोडून गेला. बॅट शाबूत असती तर काय झाले असते, हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.

म्हणून दिवाळीनंतर गावाकडचा नातू नवी बॅट घ्यायला निघाला, तेव्हा मी बरोबर गेलो. त्याच्याकडे अठ्ठावीसशे रुपये होते, सोयाबीनच्या हंगामात मळणी यंत्रावर काम करून मिळवलेले. दुकानात इंग्लिश विलोची बॅट होती. तिची किंमत दहा हजारांच्या पुढे. हे लाकूड इंग्लंडहून येते आणि मेरठ-जालंधरला त्याच्या बॅटी बनतात. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर याच दोन गावांत येऊन वसले होते. दुसरी काश्मीर विलोची, अनंतनागकडे संगम-हलमुल्ला भागात रस्त्याकाठी ज्यांचे कारखाने आहेत ती. लाकूड जरा जड आणि कठीण, उसळी थोडी कमी, पण टिकाऊ आणि दोन-तीन हजारांत मिळणारी. तिसरीही काश्मीरचीच, पण स्कूपची, टेनिस चेंडूसाठी, वजनाला किलोच्या आसपास. टेनिसचा चेंडू पोकळ आणि हलका. तो बॅटीवर दणका देत नाही, म्हणून लाकूड कोरले तरी निभावते. हात जितका जलद फिरेल तितका चेंडू दूर. तीच बॅट लेदरच्या चेंडूपुढे धरली तर दोन षटकांत तडकेल.

मी म्हणालो, “लेदरची घे. कमी पडतील ते पैसे मी घालतो.”

त्याने मान हलवली. “आबा, लेदरच्या मॅचा वर्षात चार. टेनिसच्या चाळीस. मंग पैसा कुठी लावाव मानसानं?”

बँकेच्या माणसाला यावर काय बोलता येणार? दोन हजारांची बॅट, चाळीस सामने, सामन्याला पन्नास रुपये. शिवाय शेते मोकळी झाली की गावोगावी टेनिसच्या स्पर्धा लागतात, लाउडस्पीकरवर धावते वर्णन चालते आणि रोख बक्षिसे असतात. लेदरसाठी कॉलेजच्या पेटीत दोन इंग्लिश विलोच्या बॅटी आहेतच. हिशेब चोख होता.

पण त्या हिशेबात एक रकाना रिकामा होता. नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडूंनी १९२६ साली मुंबईत गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध अकरा षटकार मारून १५३ धावा केल्या आणि पाहुण्यांनी त्यांना चांदीची बॅट भेट दिली. आमच्या पिढीला विदर्भाचे क्रिकेट म्हणून तेवढेच सांगता यायचे. आता तसे नाही. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला आहे. वाशीमच्या पोराला ते दार आज दिसते तरी. पण त्या दारात टेनिसचा चेंडू चालत नाही. जो मुलगा वर्षभर किलोभर वजनाच्या बॅटीने मनगटे फिरवतो, त्याच्या हातात निवडीच्या दिवशी बाराशे ग्रॅमची परकी बॅट आली की पाव सेकंदाचा उशीर होतोच. हे मी त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले, आणि स्कूपची बॅट घेतली. पैसे मोजून दिले, उरलेले पाकिटात ठेवले आणि परतताना मला रसवंतीवर रस पाजला.

जानेवारीत त्याच्या कॉलेजचा लेदरचा सामना होता. मी छत्री घेऊन गेलो, उन्हासाठी. तो चौथ्या क्रमांकावर आला. पेटीतली बॅट त्याच्या उंचीला मोठी वाटत होती. पहिले काही चेंडू त्याने सरळ पात्याने खेळले, एक कव्हरमधून असा काढला की माझ्या शेजारचे गृहस्थ नकळत “वा!” म्हणाले. पुढच्याच षटकात त्याने एक आखूड चेंडू उचलायला हात फिरवले. टेनिसच्या सामन्यात तो फटका मी त्याला डझनभर वेळा मारताना पाहिला आहे. बॅट खाली यायला जरासा उशीर झाला. चेंडू वरच्या कडेला लागून उंच गेला आणि मिड-ऑनने झेलला. सोळा धावा.

तो बॅटीच्या कडेकडे पाहत परत निघाला. पॅव्हेलियन म्हणजे एक मांडव आणि सहा खुर्च्या. तिथून पुढचा मुलगा हातमोजे ओढत धावत निघाला होता, रिकाम्या हातांनी. अर्ध्या वाटेत दोघे भेटले, काहीतरी बोलले, आणि बॅट या हातातून त्या हातात गेली.