लोच्या झाला तर मागे कसं फिरायचं?

कोडिंग शिकायला लागलं की एक गोष्ट हमखास ऐकवली जाते : ‘गोटू’ वापरायचा नाही! डाइक्स्ट्रा नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्ये त्याच्याविरुद्ध पत्र लिहिलं आणि बिचारा कायमचा बदनाम झाला. पण तुमचा अँड्रॉइड फोन ज्या लिनक्सवर चालतो, त्याच्या फाइल सिस्टिमचा कोड उघडा. गोटू जागोजागी सापडेल. लिनक्सच्या कोडिंगच्या नियमावलीतच त्याला मुभा आहे.

का, ते लालबागकरांना पटकन कळेल. मंडप घालताना आधी बांबू, मग कापड, मग लायटिंग. लायटिंगच्या वेळी काही बिनसलं आणि सगळं उतरवायचं ठरलं, तर आधी कापड काढणार, मग बांबू. उलटं केलंत तर कापड डोक्यावर!

फाइल सिस्टिमही फाइल बनवताना आधी मेमरी घेते, मग लॉक लावते, मग डिस्कवर जागा मागते. डिस्क फुल निघाली? मग आधी लॉक सोडा, नंतर मेमरी परत करा. ही आवराआवर प्रत्येक ‘इफ’मध्ये वेगवेगळी लिहिली की एखाद्या ठिकाणी लॉक सोडायचं राहून जातं आणि त्या लॉकची वाट बघणारे बाकीचे प्रोग्रॅम लटकतात. म्हणून ती फंक्शनच्या शेवटी एकदाच, उलट क्रमाने लिहायची आणि गडबड झाली की गोटूने नेमक्या पायरीवर उडी मारायची. कोड कमी, डोक्याला ताप कमी.

खरी गोची वेगळीच आहे. डिस्क रोज थोडीच बिघडते? त्यामुळे हा कोड क्वचितच चालतो आणि त्यातल्या चुका टेस्टिंगमधून निसटतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये लिनक्सच्या फाइल सिस्टिम्स तपासल्या, तेव्हा एरर पुढे कळवणाऱ्या ९०२२ कॉल्सपैकी ११५३ ठिकाणी तो निरोप नीट पोचतच नव्हता. म्हणजे खाली डिस्कवर लिहिणं फसलेलं, पण वर ‘सेव्ह झालं’! सबमिशनच्या आदल्या रात्री असं झालं तर?

२०२३ पासून लिनक्समध्ये ‘गार्ड’ आलाय. कोडच्या त्या भागातून बाहेर पडलं, की लॉक आपोआप सुटतं, विसरायचा प्रश्नच नाही. फक्त गार्ड आणि गोटू एकाच फंक्शनमध्ये मिसळू नका, असं तिथे बजावून ठेवलंय.