धोटा, धागा आणि जात

यंत्र बदलले की समाज बदलतो, असे मानणारा एक प्रबळ विचारप्रवाह इतिहासलेखनात आहे. मुंबई-ठाणे आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्याच वर्षी जुलैमध्ये कार्ल मार्क्सने लिहिले की, रेल्वेमुळे उभे राहणारे आधुनिक उद्योग जातींचा आधार असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडतील. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे लोहमार्गही सुरू झाला. गिरण्या उभ्या राहिल्या. जात मात्र त्यांच्या दारातून आत शिरली.

मुंबईच्या कापडगिरण्यांत धोट्यातील बॉबिन संपली की नव्या बॉबिनच्या धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागत. या ‘विटाळा’चे निमित्त करून सवर्ण कामगारांनी अस्पृश्यांना अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात येऊ दिले नाही. त्यांच्या वाट्यास प्रामुख्याने कताईचे रिंगखाते आले. आपल्यापैकी कित्येकांच्या आजे-पणज्यांनी तेथेच आयुष्य काढले असेल.

तरीही बाबासाहेबांनी यंत्राला दोष दिला नाही. गांधीजींच्या यंत्रविरोधाचे खंडन करताना १९४५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी दुष्परिणामांचे मूळ चुकीच्या समाजरचनेत दाखविले. श्रमिकाला फुरसत आणि संस्कृती यंत्रामुळेच लाभेल, असे त्यांचे मत होते. पण ती आपोआप लाभेल, या भ्रमात ते नव्हते. १९२८ च्या गिरणी संपात विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी त्यांनी लावून धरली आणि संपाच्या नेत्यांना ती, नाखुशीने का होईना, आपल्या मागण्यांत घ्यावी लागली.