संदेशजालातील कोंडी आणि तिचे निवारण

इंटरनेट हे एक जाल नव्हे. स्वतंत्र मालकीच्या हजारो जालांची ती सांधणी होय. तिला मध्यवर्ती चालक नाही. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जावयाच्या मजकुराचे प्रथम लहान तुकडे पाडण्यात येतात. अशा प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे पॅकेटावर, पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेतील राउटर नावाची यंत्रे तो वाचून पॅकेट पुढच्या टप्प्याकडे धाडतात. ही कल्पना १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन व इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणे सुचली.

राउटरची जबाबदारी हेतुतः मर्यादित ठेवलेली आहे. जाणाऱ्या पॅकेटांहून येणारी अधिक झाली, की ती रांगेत साठतात. रांग भरली, की नवे आलेले पॅकेट टाकून दिले जाते आणि पाठविणाऱ्यास त्याची वर्दीही सामान्यतः दिली जात नाही. टपालखात्याने असा कारभार केला असता तर लोकांनी तो एक दिवसही खपवून घेतला नसता! मजकूर पुरा पोचविण्याचा भार येथे दोन टोकांच्या संगणकांवर आहे. आर्पानेट या मूळ जालाने १ जानेवारी १९८३ रोजी स्वीकारलेल्या टीसीपी नियमांनुसार घेणारा संगणक पोच पाठवितो. मुदतीत पोच न आल्यास पाठविणारा तेच पॅकेट पुन्हा धाडतो.

या निर्दोष दिसणाऱ्या नियमातच संकटाचे बीज होते. रांगा लांबल्या, की पोच उशिरा येते. पाठविणारा त्या विलंबासच हानी समजतो व दुसरी प्रत धाडतो. रांग अधिकच लांबते. अखेर तारा भरलेल्या, परंतु नवे असे काहीच पोचत नाही, अशी अवस्था येते. जॉन नेगल यांनी हा धोका १९८४ मध्येच लेखी मांडला होता. ऑक्टोबर १९८६ मध्ये तो प्रत्यक्ष उभा राहिला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यातील अंतर अवघे ४०० यार्ड. तेथील वाहतूक सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरली. म्हणजे सेकंदास पाच रोमन अक्षरे. कागद हाती घेऊन पायी निघालेला शिपाई याहून लवकर पोचता.

व्हॅन जेकबसन व मायकेल कॅरेल्स यांनी शोधलेला उपाय १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी तारा किंवा राउटर बदलावे लागले नाहीत. बदलले ते टोकाच्या संगणकांचे वर्तन. पोच आली याचा अर्थ एक पॅकेट जालाबाहेर पडले. तेव्हा त्याच्या जागी दुसरे सोडण्यास हरकत नाही, हे त्यातील मर्मस्थान होय. आरंभ एका पॅकेटाने करावयाचा. त्याची पोच आल्यावर दोन, त्यांच्या आल्यावर चार. मुदत ठरविताना केवळ सरासरी विलंब नव्हे, तर त्यातील चढउतारही जमेस धरावयाचा. पॅकेट हरवले, तर ती कोंडीची खूण मानून वाहतूक निम्म्यावर आणावयाची व पुढे जपून, प्रत्येक फेरीस सुमारे एका पॅकेटाने, वाढवावयाची.

हा संयम स्वेच्छेचा आहे. जो संगणक तो पाळीत नाही, त्यास शेजाऱ्यांच्या वाट्याचा मार्ग आयताच मिळतो. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये मांडलेली बीबीआर ही पद्धती हानीची वाट न पाहता मार्गाची क्षमता व फेरीचा काळ मोजून वेग ठरविते. तथापि तिच्या पहिल्या आवृत्तीने, जुने नियम पाळणाऱ्या प्रवाहांसमवेत एकाच मार्गाने जाताना, काही परिस्थितींत न्याय्य वाट्याहून अधिक जागा व्यापल्याचे प्रयोगांत दिसून आले.